जुन्या रिव्हिजनचा कॅप्टन कर्क

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका रद्दीवाल्याच्या काट्यावर इंग्रजी पुस्तकांची थप्पी चढली होती. वरच्या पुस्तकावर ओळखीचं अंतराळयान दिसलं म्हणून मी स्कूटर थांबवली. जेम्स ब्लिश यांचं ‘स्टार ट्रेक’, पहिला आणि दुसरा भाग. दुकानदार म्हणाला, “घिऊन जावा की सायेब, तेवढंच वजन कमी.” दोन्ही मिळून चाळीस रुपये. जयंत नारळीकर ज्या गावात जन्मले, तिथं इंग्रजी सायन्स फिक्शनसाठी मला रद्दीवाला गाठावा लागतो. असो.

मी उद्यमनगरात पॅटर्न शॉप चालवतो. म्हणजे फौंड्रीत ओतकामाला जो साचा लागतो, त्यासाठीचा लाकडी नमुना आम्ही बनवतो. साहित्याशी संबंध तेवढाच. पण ‘स्टार ट्रेक’शी संबंध जुना आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही अंतराळयानाच्या सफरींची अमेरिकन मालिका रविवारी सकाळी लागायची. कर्क हा त्या यानाचा कॅप्टन. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत टीव्ही एकट्या अण्णांकडे, तोही काळा-पांढरा. आम्ही मराठी शाळेतली पोरं, संवाद एक कळायचा नाही. यानावरच्या परग्रही स्पॉकचे टोकदार कान बघून एका दोस्ताचं नाव स्पॉक पडलं ते पडलंच, आता तो आजोबा झालाय तरी गल्लीत स्पॉकच. मालिकेत लाल शर्टवाला शिपाई हमखास मरतो, हा जगभरचा विनोद मला फार उशिरा कळला. आमच्याकडं सगळ्यांचेच शर्ट राखाडी होते. कोण मरणार याची उत्सुकता आम्हाला शेवटपर्यंत टिकायची.

तर पुस्तक. पहिल्या भागात सात गोष्टी, दुसऱ्यात आठ. एकेक गोष्ट म्हणजे टीव्हीवरचा एकेक भाग. पन्नास मिनिटांचा ऐवज पंधरा-वीस पानांत बसवलाय. बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं, तेवढं आम्ही आधीच धरून चालतो. ब्लिशनी काय हिशेब धरला होता कोण जाणे. काही गोष्टी इतक्या आकसल्यात की माणसं नुसती ये-जा करतात. यानाचा डॉक्टर मॅकॉय आणि स्पॉकची भांडणं हा मालिकेचा अर्धा जीव, त्यातलं निम्मं गाळणीत अडकलंय. स्पॉकची भुवई वर जाते ते तर लिहून दाखवताच येत नाही.

हे सगळं मी तक्रारीच्या सुरात लिहिणार होतो, पण मध्ये मुलगी आली. ती इंजिनिअरिंगला आहे, मालिका फोनवर बघते. दुसऱ्या भागातली ‘ऑपरेशन अनायलेट’ वाचून म्हणाली, “बाबा, हे पुस्तक चुकलंय.” टीव्हीवर डेनिव्हा ग्रहावर ते उडणारे चपटे परजीवी माणसांच्या पाठीवर बसतात, आणि शेवटी अतिनील किरणांनी मरतात. त्याआधी प्रयोगात प्रखर प्रकाशानं स्पॉक आंधळा होतो, मग त्याच्या डोळ्याला आतली पापणी निघते आणि दृष्टी परत येते. (ही पापणी मला तेव्हाही पटली नव्हती.) पुस्तकात यातलं काही नाही. तिथं यान परजीवींचा मूळ ग्रह गाठतं आणि तो ग्रहच उडवतं. विषय संपला.

“चुकलं नाही,” मी म्हणालो, “जुन्या रिव्हिजनवर काम झालंय.”

आमच्या धंद्यात हा शब्द रक्तात असतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ए, बी, सी असं लिहिलेलं असतं. एकदा एका गिऱ्हाइकानं बी पाठवलं, पुढं सी काढलं आणि कळवायचं विसरला. आम्ही बी प्रमाणे सागवानी पॅटर्न करून दिला, बॉसचा, म्हणजे गोल उंचवट्याचा, व्यास बावीस. त्यांना हवा होता पंचवीस. जॉब रिजेक्ट, पैसे आमच्या बोकांडी. पण पॅटर्न चुकीचा नव्हता हो! बी बघितलं तर सुतासारखा सरळ होता.

ब्लिश यांचंही तेच. मालिका सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ ला आणि पहिलं पुस्तक आलं जानेवारी १९६७ मध्ये. मालिका चालू असतानाच. त्यांच्यासमोर पडद्यावरचे भाग नव्हते, टाइप केलेल्या पटकथा होत्या, त्याही बऱ्याचदा शेवटच्या फेरफाराआधीच्या. शूटिंगच्या वेळी कुणी प्रसंग कापला, कुणी शेवट बदलला, हे त्यांना कळणार कुठून? म्हणून नावंसुद्धा वेगळी. टीव्हीवरचा ‘चार्ली एक्स’ इथं ‘चार्लीज लॉ’ आहे, ‘द मॅन ट्रॅप’ इथं ‘द अनरिअल मॅकॉय’.

एवढं ध्यानात आल्यावर मी दोन्ही भाग पुन्हा वाचले, या वेळी फरक शोधत. आणि मजा आली.

सगळ्यात आवडलेला फरक पहिल्या भागातल्या ‘मिरी’चा. टीव्हीवर यान एका ग्रहापाशी येतं, तो हुबेहूब पृथ्वी. तेच खंड, तेच समुद्र. खाली फक्त मुलं, शंभर वर्षांत महिनाभरानं वाढणारी. वयात आलं की रोग होऊन मरायचं. गोष्ट भन्नाट, पण ही दुसरी पृथ्वी तिथं कशी, हे पूर्ण भागात कुणी सांगत नाही. मला तर वाटतं, अमेरिकन गल्लीचा आयता सेट उभा होता, त्याला हे कारण चिकटवलं. ब्लिश मूळचे जीवशास्त्राचे विद्यार्थी, आणि तोवर विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळवलेले लेखक. त्यांनी ती दुसरी पृथ्वी उचलून बाजूला ठेवली. त्यांच्याकडं ही माणसांची जुनी वसाहत आहे, ७० ऑफियुकी या ताऱ्याभोवती. हा तारा खरा आहे, जोडतारा, आपल्यापासून सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षांवर. एका ओळीत भोक बुजलं. आमच्याकडं कास्टिंगमधलं ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, पुट्टीनं बुजवून वर रंग मारणारे असतात. इथं तसं नाही, धातूच नीट भरलाय.

‘स्पेस सीड’मध्ये आपल्याला घरचा विषय. जुन्या यानात गोठवलेला सापडलेला खलनायक खान. टीव्हीवर तो खान नूनियन सिंग, उत्तर भारतातला बहुधा शीख, आणि काम करणारे रिकार्डो मोंतालबान मेक्सिकोचे! पुस्तकात त्याचं नाव सिबाल खान नूनियन. नूनियन काय, सिबाल काय, पंजाबात कुणाला विचारलं तर तो चहा सांडेल. नाव कुठल्याही रिव्हिजनमध्ये जमलेलं नाही. पण मोंतालबान पडद्यावर नुसते बसले तरी खोली भरते. पुस्तकातला खान त्यांच्यासमोर फिका, कोमट रश्शासारखा.

आणि मग ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. दुसऱ्या भागातली ही गोष्ट मी तीनदा वाचली. हार्लन एलिसन यांची मूळ पटकथा आणि पडद्यावर आलेली यांत मोठा फरक होता, एलिसन त्यावरून आयुष्यभर चिडलेले. ब्लिशनी इथं दोन्ही समोर ठेवून लिहिलं आणि दोन्हींतलं चांगलं राखायचा प्रयत्न केल्याचं टीपेत कबूल केलंय. आम्ही असा जॉब कधी घेत नाही. अर्धा बी, अर्धा सी! पण जमलाय. गोष्ट तीच: काळात मागं जाऊन गाठलेलं १९३० चं न्यूयॉर्क, गरिबांना जेवण देणारी ईडिथ कीलर, तिच्यावर जीव जडलेला कर्क. ती वाचली तर इतिहास बिघडतो, म्हणून तिनं मोटारीखाली जाणं भाग आहे.

पुस्तकाच्या शेवटी स्पॉक कर्कला सांत्वनाचं बोलतो. एलिसन यांच्या पटकथेतली ओळ ब्लिशनी थोडी बदलून ठेवलीय. प्रेमापायी अख्खं विश्व जवळजवळ देऊ केलं गेलं अशी दुसरी बाई झाली नाही, अशा अर्थाची. वाचताना गळ्याशी आलं. मग रात्री मुलीच्या फोनवर तो भाग पाहिला. तिथं सांत्वन नाही. कर्क परत येतो, इथून निघूया एवढंच शिवी हासडून म्हणतो आणि माणसं गायब होतात. मागं नुसता वारा. माझे वडील गेले तेव्हा मी स्मशानातून अशाच आवाजात “चला” म्हणालो होतो. कुणी त्या वेळी विश्वाबद्दल बोललं असतं तर मी ऐकलं नसतं. त्यामुळं शेवट टीव्हीचाच, पण ती ओळ मात्र वहीत उतरवून ठेवलीय.

इंग्रजी सोपं आहे. माझ्यासारख्याला डिक्शनरी पानामागं एकदा लागली, तीही बहुतेक यंत्रांच्या नावांसाठी. मालिका अजिबात न पाहिलेल्यानं इथून सुरुवात करू नये, गोष्टी कोरड्या वाटतील. पाहिलेल्यानं मात्र एकेक भाग बघून लगेच तीच गोष्ट वाचावी.

आता तिसरा भाग हवाय. त्यात ‘द लास्ट गनफाइट’ नावाची गोष्ट आहे, जी टीव्हीवर ‘स्पेक्टर ऑफ द गन’ झाली. रद्दीवाल्याकडं परत गेलो होतो. म्हणाला, “हुती आणखी चार-पाच तसली. २०१९ च्या पुरात भिजली, पुठ्ठ्यात घातली.” पंचगंगेचं पाणी त्याच्या दुकानात कुठवर आलं होतं, ती खूण त्यानं भिंतीवर दाखवली. माझ्या छातीला लागली.

दुसरा भाग मुलगी पुण्याला घेऊन गेलीय. परत आणते म्हणाली गणपतीत.