स्लोवर थरथरणारी गाडी आणि करासवाड्याचा मिस्तरी

आधीच सांगतो, बोर्डावर नाव शोधत बसू नका, उन्हापावसात रंग उडून तिथे नुसतं 'ऑटो' एवढंच राहिलंय. गोव्यात म्हापशाला करासवाड्याच्या बाजूला पत्र्याची शेड, बाहेर कायम दोनतीन जुन्या जीपा उभ्या. मला मेव्हण्याने पाठवलं, तेसुद्धा माझे आधीच तेरा हजार सहाशे घालवून झाल्यावर.

गाडी 2008 ची पेट्रोल एसयूव्ही, चार सिलिंडर, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नाहीय, वयाचा आहे, पंधरा वर्षं झाल्यावर 2023 ला पासिंग पण करून घेतलंय म्हणजे आता ती घरातलीच. पळताना काही नाही, चोर्ला घाट आरामात चढते. पण स्लोवर, म्हणजे इंजिन चालू ठेवून पाय न देता, उभी राहिली की थरथर, आरपीएमचा काटा सातशेवरून पाचशेवर, परत वर, आणि एसी लावला की तर स्टिअरिंग असं हलतं जसं काही गाडीला हिवताप आलाय. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असल्यापासून रोज तिथे अडकून उभं राहायचं म्हणजे रोजचाच छळ. मग चेक लाइटही लागला.

पहिल्यांदा गेलो ते एका चकाचक वर्कशॉपमध्ये, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, सगळं. स्कॅनर लावला, गाडी मिसिंग करतेय (मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही) म्हणाले, चार स्पार्क प्लग आणि चार कॉईल बदलले. दोन दिवस मला वाटलं फरक पडला (पैसे दिले की वाटतंच), तिसऱ्या दिवशी लाइट परत. परत गेलो तर म्हणतात आता इंजेक्टर बघावे लागतील. हात जोडले आणि निघालो.

आता करासवाड्याचा हा माणूस. पन्नाशीचा असेल, बोलणं कमी. मी आपलं कॉईल, प्लग, इंजेक्टर सगळं पाठ म्हणायला लागलो तर म्हणतो, "रावात बाब, पयलीं आयकुया." (थांबा, आधी ऐकूया.) बॉनेट उघडायच्या आधी गेला मागे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभा, मिनिटभर काही नाही. मग मला हात लावायला सांगितला. फक् फक् फक् हवा येते आणि मधेच एक ठोका हलका पडतो, पण ठरलेल्या वेळी नाही, कधीही. म्हणाला एकच कॉईल गेली असती तर ठोका ठरावीक अंतराने चुकला असता, इथे सगळेच सिलिंडर थोडे थोडे उपाशी आहेत. हे मला आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं.

मग स्कॅनर त्यानेही लावला, पण नुसता कोड वाचून बंद नाही केला. कोड होता पी 0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तेवढ्यावर लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात म्हणे. याने लाइव्ह आकडे दाखवले, स्लोवर कॉम्प्युटर बावीस टक्के पेट्रोल जास्त सोडत होता, रेस देऊन अडीच हजारावर धरली की तोच आकडा चारवर. कुठूनतरी चोरून हवा आत जातेय, स्लोवर इंजिनची मुळात भूकच थोडी असते त्यामुळे ती चोरीची हवा जाणवते, रेस दिली की एवढ्या हवेत ती कुठल्या कुठे जाते. म्हणून घाटात काही नाही आणि पर्वरीत रडारड. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर नेमकं उलटं झालं असतं, रेसवर आकडा वाढला असता. मी वीस टक्के इथेनॉलवर सगळं खापर फोडून मोकळा झालो होतो, ते पण गेलं.

चोरी शोधायला जे यंत्र काढलं ते बघायला तरी जा. रंगाचा रिकामा डबा, त्यात जुन्या डिझेल गाडीचा ग्लो प्लग (बॅटरीवर लाल तापणारी कांडी) बसवलेला, आत बेबी ऑइल, आणि हवेसाठी फिश टँकचा पंप! बॅटरीला जोडलं की पांढरा धूर, तो धूर इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, सोडायचा. दोन मिनिटं काहीच नाही, मला वाटलं झालं आता. आणि मग त्याच वाटेतल्या मॅनिफोल्डच्या खालून अगरबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. क्रँककेसमधून (इंजिनचा खालचा, तेलाचा भाग) इनटेककडे जाणारा रबरी पाइप, वरून एकदम धड, पण खालच्या वळणावर तेल पिऊन पिऊन मऊ लापशी झालेला आणि नखाएवढी चीर पडलेली. बोटाने दाबला तर चीर तोंडासारखी उघडली.

पाइप चारशे ऐंशीचा! माझे तेरा हजार आठवून जीव तीळतीळ तुटला.

पाइप यायला दुसरा दिवस उजाडला (इथे पार्ट हाताशी नसतात, चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी तर अजिबात नाही). तोवर त्याने थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणारी झडप असते ती) साफ केली, स्प्रे आत न मारता फडक्यावर घेऊन, आणि बोटाने झडप ढकलायची नाही म्हणून पोऱ्याला दोनदा ओरडला. सगळं बसवल्यावर रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत गाडी गरम केली आणि एसी, लाइट बंद ठेवून दहा मिनिटं नुसती स्लोवर सोडली, कॉम्प्युटरला नवीन स्लो शिकू दे म्हणाला. बावीसचा आकडा तीनवर आला. काटा सातशेवर चिकटला.

पण गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून ब्रेक दाबून एसी लावला तर थोडी थरथर होतीच. मी तोंड वाकडं केलं. तर म्हणाला हे दुसरं दुखणं, इंजिन आता चुकत नाहीय, त्याची धडधड आत पोचतेय. जॅकवर लाकडाची फळी ठेवून इंजिन खालून जरासं उचललं आणि थरथर गेली, सोडलं की परत. एका बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, फुटून आतलं तेल गळून गेलेलं, काळा ओघळ मलाही दिसला. सहा हजार आठशेचं काम, पण स्वतःच म्हणाला आत्ता नको, चवथ करून या, तेवढ्याने गाडी बंद पडत नाही. माटोळीचं (गणपतीवर टांगतात ती फळापानांची) सामान, आई, दोन पोरं घेऊन वाळपईला जाऊन आलो, मग बसवलं. आता एसी लावूनही डॅशवरचा गणपती हलत नाही.

एकूण बिल पहिल्या वेळचं दोन हजार तीनशे, त्यात शोधायचे हजार वेगळे लावले आणि ते मी खुशीने दिले. पण बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळालं ते वहीच्या पानावर, जीएसटी वगैरे विसरा. बसायला एक टायर आहे. संध्याकाळी चारला देतो म्हणजे साडेसहा. शेजारच्या टपरीत पातळभाजी पाव आणि बन्स चांगले मिळतात म्हणून तो वेळ निभतो. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सला तो हात लावत नाही, तोंडावर सांगतो, मला ते बरंच वाटलं. शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाच्या बाजारात अडकाल.

साडेचार स्टार. अर्धा फोनसाठी कापला, कधीच उचलत नाही. पण व्हॉट्सॲपवर स्लोचा आवाज रेकॉर्ड करून टाकलात तर पाच मिनिटांत व्हॉइस मेसेज येतो, "एसी बंद करून परत धाड."