एका ॲम्पवर तीन खोल्या : दहा महिन्यांचा अनुभव

जुळे सोलापुरात आमच्या घरी एकाच स्टिरिओ ॲम्पवर हॉल, स्वयंपाकघर आणि व्हरांडा असं तिन्हीकडे गाणं वाजतं. ॲम्प (ॲम्प्लिफायर) चॅनलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, 50 वॉटचा, 8 ओहमवर मोजलेला. एप्रिलमध्ये घेतला, आता फेब्रुवारी चालू आहे. पहिल्या दीड महिन्यात त्याचे फार हाल झाले. ते आधी सांगतो, कारण चूक जोडणीची होती, ॲम्पची नव्हे.

दुकानदाराने फक्त वॉट विचारले. म्हणाला, "60-60 वॉटचे स्पीकर आहेत ना, मग लावा बिनधास्त." पण स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सोसतो. ॲम्पवर ओझं किती पडणार ते ओहमवरून, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्यावरून कळतं. ओहम कमी, तर ओझं जास्त. हॉलची आणि व्हरांड्याची जोडी 8 ओहमची, स्वयंपाकघरातली जुन्या सिस्टिममधून काढलेली 6 ची. तिन्ही पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येकीच्या दोन्ही वायरी त्याच टर्मिनलला. म्हणजे चॅनलला जेमतेम 2.4 ओहम! नॉब तिथल्या तिथे ठेवूनही एकट्या हॉलच्या तिपटीहून जास्त करंट ओढला जायचा. त्यात सोलापूरचा मे, पारा 42 वर, आणि ॲम्प काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये. बाबांचे अभंग रंगात आले की आतून टक् असा आवाज यायचा आणि सगळं गप्प. वरच्या जाळीवर हात ठेववत नसे. प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे ओझं वाढलं की आपोआप बंद होणारा स्विच होता म्हणून ॲम्प वाचला.

शेवटी टॉर्च घेऊन मागची बाजू वाचली. स्पीकर जोडायच्या ए आणि बी अशा दोन टर्मिनल-संचांच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं होतं: ए किंवा बी, 4 ते 16 ओहम, ए+बी, 8 ते 16 ओहम. दोन्ही एकदम चालू केले की आत ते पॅरलल होतात, म्हणून प्रत्येक बाजूला किमान 8 हवेत.

मग 6 ओहमची जोडी काढली आणि व्हरांड्यात आहे तेच मॉडेल स्वयंपाकघरासाठी घेतलं. दोन्हीकडचे डावे सिरीजमध्ये (एकामागून एक, एकाच वाटेवर), उजवे सिरीजमध्ये. बी वर झाले 16, ए वर हॉलचे 8, दोन्ही मिळून 5.3. सिरीजमध्ये मॉडेल एकच हवं, हे महत्त्वाचं. वेगवेगळे असले तर व्होल्टेज सुराप्रमाणे कमीजास्त वाटलं जातं आणि दोन्हीकडचा आवाज बिघडतो. मल्टीमीटरने तपासताना 8 ओहमचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो, त्याने घाबरू नका. तो कॉइलचा नुसता डीसी रेझिस्टन्स (स्थिर करंटला होणारा विरोध) असतो; गाणं वाजताना ओहम वेगळे असतात.

सिरीजमधल्या प्रत्येक स्पीकरला व्होल्टेज निम्मं मिळतं, म्हणजे पॉवर पाव. हॉलच्या स्पीकरला 50 वॉट जात असतील तर स्वयंपाकघरातल्याला साडेबारा. आई भाकरी थापताना ऐकते तेवढ्याला ते भरपूर होतात. एक गैरसोय मात्र खरी आहे. दिवाळीच्या रंगकामात व्हरांड्याची एक वायर निसटली आणि स्वयंपाकघरातला डावा स्पीकरही बंद पडला. दोन दिवस मी चुकीच्या खोलीत फॉल्ट शोधत बसलो.

वायरीत काटकसर करू नका. व्हरांड्यापर्यंत आमचं अंतर 15 मीटर, जाऊन-येऊन 30. आधीच्या 0.75 चौ. मिमी तांब्याच्या वायरीतच जवळपास 0.7 ओहम जात होते, आता 2.5 च्या वायरीत 0.2. मला तरी बास थोडा घट्ट वाटला.

शोकेसचं दार काढलं, वर वीतभर जागा सोडली. तेव्हापासून एकदाही टक् ऐकलेलं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे भरले होते, तेव्हा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत तिन्ही खोल्या चालू होत्या. जाळीला हात लावून पाहिला, कोमट होती.

आता धाकटा भाऊ गच्चीवर चौथी जोडी मागतोय. ती या ॲम्पवर चढवणार नाही. गच्चीसाठी वेगळा छोटा ॲम्प बघतोय.