नागपुरातली एसडीपी सेवा: मशीनवरचं काम चोख, वाहतूक कच्ची

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. तीन तारे मशीनवरच्या कामाला, अर्धा रात्री-बेरात्री फोन उचलणाऱ्या स्टाफला. उरलेला दीड रस्त्यात आणि वॉर्डात गेला.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट. ल्युकेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया, एमडीएस (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार), केमोथेरपी यांत ही पिशवी पुन्हा पुन्हा लागते. एका पिशवीत किमान ३० हजार कोटी प्लेटलेट असायला हव्यात; तेवढ्या असल्या तर मोठ्या माणसाचा काउंट, म्हणजे रक्तातली प्लेटलेटची संख्या, साधारण ३० ते ५० हजारांनी वर जातो. साध्या रक्तदानातून वेगळी केलेली आरडीपी काही शे रुपयांत मिळते, पण एका पिशवीने काउंट ५ ते १० हजारच वाढतो. पाच-सहा आरडीपी म्हणजे पाच-सहा अनोळखी दाते. उपचार महिनोन्‌महिने चालणार असतील तर एवढ्या दात्यांचा संपर्क टाळणंच बरं, म्हणून एसडीपीचे अकरा हजारांच्या आसपासचे पैसे मोजणं योग्य ठरतं. एकदाच गरज पडणार असेल तर आरडीपीचा संच पुरतो.

पिशवी मागवण्याआधी ती खरंच लागते का, हे पाहा. केमो सुरू आहे, ताप नाही, रक्तस्राव नाही, तर डॉक्टर सहसा काउंट १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट चढवतात. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर २० हजार, मोठ्या ऑपरेशनआधी ५० हजार, मेंदू किंवा डोळ्याच्या ऑपरेशनला १ लाख. आयटीपीमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे शरीर स्वतःच प्लेटलेट नष्ट करतं, त्यामुळे चढवलेल्याही टिकत नाहीत. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच देतात, एरवी स्टेरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिद्रव्यं), एल्ट्रॉम्बोपॅग अशी औषधं चालतात. टीटीपीमध्ये, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या आजारात, तर प्लेटलेट शक्यतो टाळतात, तिथे प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) लागतं. हे निदान न पाहता नुसत्या आकड्यावर ‘एसडीपी आणा’ अशी चिठ्ठी मिळाली तर कारण विचारायला लाजू नका.

आकडाही तपासून घ्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. अंगावर एकही डाग नाही आणि काउंट अचानक १५ हजार आला, तर लॅबला मायक्रोस्कोपखाली स्लाइड पाहायला सांगा. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नमुना पुन्हा द्यायचा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

आता सेवेकडे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मानेवाडा रोडवरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स: इथे येणारे कितीतरी पेशंट गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटचे असतात. सोबत दोन माणसं. त्यांच्याकडे ‘डोनर घेऊन या’ म्हणणं हाही या सेवेचा एक दुबळा भाग आहे. दात्यांची स्वतःची यादी ठेवून फोन करणारी रक्तपेढी सापडली तर तिचा नंबर फाइलवर लिहून ठेवा. ई-रक्तकोश पोर्टलवर साठा दिसतो, पण प्लेटलेटचं आयुष्य पाचच दिवसांचं. फोन करून खात्री केल्याशिवाय निघू नका. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूची साथ आली की मशीनचे स्लॉट मिळत नाहीत, तेव्हा केमोची तारीख ठरताच दाता सांगून ठेवा.

दाता १८ ते ६० वयाचा, किमान ५० किलोचा, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आणि स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर असावा. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. कोपराच्या घडीतली शीर ठसठशीत हवी; दाते परत पाठवले जातात ते बऱ्याचदा याच कारणाने. म्हणून दोन दाते न्या. आणि त्यांना येताना तर्री-पोहे, समोसे, कचोरी खाऊ देऊ नका. तेलकट खाल्ल्यावर प्लाझ्मा दुधाळ होतो, मशीनच्या सेन्सरला थर ओळखता येत नाही आणि काम रखडतं किंवा रद्द होतं. वरण-पोळी, फळं, भरपूर पाणी, एवढं पुरे. उपाशीपोटी मात्र बसवायचं नाही.

मशीनवर तास-दीड तास लागतो. आधीच्या तपासण्या धरून चार-सहा तास हाताशी ठेवा. हे काम शहरात चांगलं होतं, यात शंका नाही. दात्याचे ओठ किंवा बोटं मुंग्या आल्यासारखी झाली तर तो मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटचा परिणाम असतो; तंत्रज्ञ दात्याला रक्त परत देण्याचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. शीर दगा देऊन प्रक्रिया अर्धवट राहिली तर उघडलेल्या किटचे पैसे कोण भरणार, हे पावती फाडण्याआधी विचारून घ्या. भांडणं नेमकी इथेच होतात.

पिशवी हातात आली की किमतीआधी लेबल वाचा: रक्तगट, दान केल्याची तारीख, एक्स्पायरी, तपासण्यांचे निकाल, आकारमान (बहुधा २०० ते ३०० मिली) आणि प्लेटलेटची संख्या. संख्या लिहिलेली नसेल तर मागा. मग पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच तिरपी करा. प्लेटलेट जिवंत असल्या तर आत चकचकीत धुरकट लहरी फिरताना दिसतात. लहरी नाहीत, गुठळ्या आहेत किंवा रंग लालसर आहे, तर ती पिशवी घेऊन निघू नका; आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

दीड तारा कापला तो यापुढच्या टप्प्यासाठी. प्लेटलेट २० ते २४ अंशांत ठेवायच्या असतात. लाल पेशींच्या पिशवीच्या सवयीने बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा हातात देणं ही ढोबळ चूक अजूनही होते. थंडी लागलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर काही वेळातच रक्तातून काढून टाकल्या जातात; काउंट वाढत नाही आणि दोष दात्यावर येतो. उलट मे महिन्यात, नागपूर ४५ अंशांवर असताना, स्कूटीच्या डिकीत ठेवलेली पिशवीही वाया जाते. बर्फाशिवायचा इन्सुलेटेड डबा आणि एसी कार हाच मार्ग. धंतोली-रामदासपेठेतून जामठ्याला जायचं तरी मध्ये जेवायला थांबू नका. रक्तपेढीत पिशवी सतत हलती ठेवतात, पण प्रवासात काही तास हलली नाही म्हणून बिघडत नाही. जपायचं ते तापमान.

वॉर्डात पोचल्यावर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ कोणी म्हटलं तर नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणा. चढवायला फिल्टर असलेला नवीन सेट लागतो, लाल पेशींना वापरलेला चालत नाही. अर्ध्या ते एका तासात पिशवी संपवतात, कितीही संथ गेली तरी चार तासांपलीकडे नाही. थंडी वाजून ताप भरला तर लगेच थांबवायला सांगा आणि पिशवी फेकू देऊ नका. प्लेटलेट खोलीच्या तापमानात राहतात, त्यामुळे त्यात जंतू वाढण्याचा धोका इतर घटकांपेक्षा जास्त असतो. पिशवी आणि पेशंट दोघांचंही कल्चर (जंतूंची तपासणी) करावं लागतं.

पेशंटचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता असेल तर सख्खी भावंडं, आईवडील यांच्या प्लेटलेट घेण्याआधी हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) विचारा. रक्ताच्या नातेवाइकाची पिशवी द्यावीच लागली तर ती इरॅडिएट केलेलीच (रेडिएशन दिलेलीच) हवी. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून पहिल्याच फोनवर विचारायची.

पिशवी संपल्यापासून तासाभराच्या आत एक सीबीसी करून घ्या. बहुतेक ठिकाणी थेट दुसऱ्या सकाळचाच नमुना जातो आणि महत्त्वाची माहिती हुकते. तासाभरात काउंट वाढला पण सकाळी उतरला, तर ताप, इन्फेक्शन, मोठी प्लीहा किंवा रक्तस्राव यांचा शोध घ्यावा लागतो. तासाभरातही वाढला नाही आणि दोन वेळा असंच झालं, तर एचएलए अँटिबॉडीची, म्हणजे दात्याच्या प्लेटलेट नष्ट करणाऱ्या प्रतिद्रव्यांची, शंका येते. मग कोणाही दात्याची तिसरी पिशवी आणण्यात अर्थ नाही, एचएलए जुळणारा दाता शोधावा लागतो. त्यासाठी फाइलमध्ये प्रत्येक पिशवीचा नंबर, तारीख, रक्तगट, आधीचा काउंट आणि तासानंतरचा काउंट एका ओळीत लिहीत जा.