आटेवाला एम-६ रॉड: दिसत नाही त्या सुतारासाठी एकदम कामाची चीज

नागपूरच्या लकडगंजातल्या एका हार्डवेअरवाल्याकडून एम-६ चा, म्हणजे ६ मिमी जाडीचा, आटेवाला रॉड आणि २ नट आणले, माप बोलून सांगणाऱ्या टेपपेक्षा भारी निघाला भाऊ. मला दिसत नाही, सगळं बोटानंच मोजून राहिलो. या रॉडच्या आट्यांचा पिच १ मिमी, म्हणजे नट एक फेरा फिरला की बरोबर १ मिमी सरकतो, अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिमी, नटच्या एका कडेवर कानशीनं खाच केली की फेरा कुठून सुरू झाला ते बोटाला कळते, मग दुसरा नट मागून घट्ट लावायचा की माप हलत नाही. रॉड लाकडावर ठेवून नट कडेला टेकवायचा, टोकाशी पेन्सिलीनं नाही, चाकूनं रेघ मारायची, ती खाच नखाला लागते आणि पटाशी तिच्यातच बसते.

दुकानदारानं टोक कापून दिलं ते खरबरीत होतं, घासलं नाही तर शून्यच, म्हणजे माप जिथून सुरू होते तेच, चुकते (माझा एक सागाचा तुकडा त्यातच गेला ना). लांब मापाला मात्र कंटाळा, १५ सेंमीला दीडशे फेरे कोण मोजेल, म्हणून १० सेंमीचे ठोकळे कापून ठेवले, ते आधी लावतो आणि उरलेलं रॉडनं. ४ स्टार.