कूलिंग प्रेशर टेस्टर किट: जुनी गाडी गरम होत असेल तर पार्ट बदलण्याआधी हे लावा

गाडी गरम होते म्हटलं की गॅरेजमध्ये पार्ट बदलण्याची ठरलेली माळ सुरू होते. आधी कूलंट, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), मग वॉटर पंप, आणि तरीही तापमानाचा काटा वर गेलाच तर ‘हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उघडावं लागेल’. मारुती ८००, झेन, सँट्रो अशा पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाड्यांमध्ये यातला बराच खर्च नुसत्या अंदाजावर होतो. अंदाजाच्या जागी मोजमाप आणणारं साधं अवजार म्हणजे कूलिंग प्रेशर टेस्टर: गेज बसवलेला हातपंप, एक नळी आणि वेगवेगळ्या मापांची ढाकणं. ऑनलाइन मिळणारे बहुतेक संच नाव बदललेले, पण आतून एकसारखेच असतात. म्हणून इथे एका ब्रँडचा नाही, या प्रकारच्या संचाचा विचार केला आहे.

हे काम का करतं, ते आधी समजून घ्यावं. इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं. जुन्या मारुतीच्या रेडिएटर कॅपवर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे साधारण ०.९ बार किंवा १३ पीएसआय. या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळतं आणि निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट त्याहूनही वर. दाब कुठूनही निसटला की ही सगळी सवलत जाते. हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला पाणी उकळून वाफेचे कप्पे तयार होतात. वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही आणि मग घाट संपायच्या आत गाडी बाजूला घ्यावी लागते. गंमत म्हणजे अशी बारीक गळती थंड गाडीत दिसत नाही आणि गरम गाडीत थेंब पडायच्या आत सुकते. टेस्टर तोच दाब थंड इंजिनात तयार करतो. हात भाजायची भीती नाही, आणि गळती ओली दिसते.

वापर असा. गाडी रात्रभर थंड झालेली असावी. गरम इंजिनाचं ढाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पाणी गळ्यापर्यंत भरा, संचातलं योग्य मापाचं ढाकण बसवा आणि हळूहळू पंप मारत काटा कॅपवरच्या आकड्यावर, इथे ०.९ वर, आणा. त्याच्या वर नेऊ नका. जुन्या रेडिएटरचा सांधा किंवा हीटरचा कोअर (गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) तिथे फुटला तर तपासणीनेच नवं काम काढलं असं होतं. आता १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर बाहेरची गळती नाही असं धरायला हरकत नाही. खाली आला तर टॉर्च घेऊन शोध सुरू करा.

होज पाइपचे क्लॅम्प आधी बघा, ते सगळ्यात स्वस्त. मग रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे मुडपून जोडलेली असते तो सांधा. त्यानंतर वॉटर पंप. त्याच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथूनच बाहेर यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. तिथे हिरवट-पांढरी, मिठासारखी खडबडीत रेघ खाली ओघळलेली दिसली तर पंप बरेच दिवस झिरपतोय. दाब दिल्यावर त्याच रेघेवर चमकणारा थेंब फुगताना दिसतो आणि मग संशयाला जागा उरत नाही. ब्लॉकच्या कडेचे गोल पत्र्याचे प्लग गंजून झिरपतात. त्यातले काही इंजिनाच्या मागच्या बाजूला असल्याने हमखास राहून जातात. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास असेल तर हीटर कोअर.

काटा पडतोय, पण खाली थेंबही नाही, अशा वेळी पाणी बहुधा इंजिनाच्या आत जातंय. दाब तसाच ठेवून काही वेळाने तो सोडा आणि स्पार्क प्लग काढा. एकाच सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला निघाला तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) तिथेच गेल्याची दाट शक्यता आहे. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं तेल हे दुसरं लक्षण, पण ते दिसायची वाट पाहू नये, तोवर बेअरिंगला मार बसलेला असू शकतो.

संचाचा सगळ्यात मोलाचा उपयोग गेजच्या काट्यात आहे. थंड इंजिनात ०.३ बार दाब ठेवून गाडी सुरू करा, दाब सोडायच्या बटणावर बोट असू द्या. पाणी तापायच्या आधीच, पहिल्या मिनिटात काटा थरथरू लागला किंवा सरसर वर चढला, तर सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येतोय. लगेच इंजिन बंद करा, दाब सोडा. ही किंवा वरच्यापैकी एखादी खूण मिळाल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नये.

कॅप तपासायचा जोड बहुतेक संचांत असतो, आणि ही दोन मिनिटांची तपासणी पहिली करावी. कॅपचं रबर ओलं करा, जोडावर बसवा, पंप मारा. ०.९ च्या आसपास झडप उघडून पुढे तिथेच दाब टिकला पाहिजे. ०.५ वरच फुसफुस सुरू झाली तर कॅप बदला, पण त्याच आकड्याची. जास्त आकड्याची कॅप लावणं हा उपाय नाही, त्याने जुना रेडिएटर फुटतो. कॅपमध्ये एक उलटी झडपही असते, इंजिन थंड होताना रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत ओढणारी. ती अडकली की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. ही झडप हा पंप तपासत नाही, बोटाने ओढूनच पाहावी लागते.

आता उणिवा. स्वस्त संचांतले रबरी वॉशर पहिल्याच वापरात ढिले निघू शकतात. मग गळती गाडीची की किटची, हेच कळत नाही. म्हणून आधी चांगली कॅप लावून संच एकट्यानेच दाबाखाली ठेवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. गेज बहुधा २.५ बारपर्यंत असतं, त्यामुळे आपला ०.९ चा आकडा खालच्या भागात दाटीवाटीने येतो आणि बारीक घसरण चटकन दिसत नाही. काट्याच्या जागी पेनाने खूण करून ठेवा. ढाकणं भरपूर असतात, पण मारुती-ह्युंदाईच्या लहान गळ्याला त्यातलं एखादंच लागतं. वीस तुकड्यांच्या पेटीसाठी जास्त पैसे मोजू नका. काही संचांत येणारा व्हॅक्यूमने कूलंट भरायचा भाग एअर कंप्रेसरशिवाय चालत नाही, म्हणून घरगुती वापराला तो निरुपयोगी. गॅरेजसाठी मात्र तोच भाग कामाचा, कारण हवा अडकण्याचा त्रास वाचतो.

टेस्टर काय सांगत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. दाब टिकतोय आणि गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये गरम होते, तर फॅन पाहा. फॅनला बॅटरीतून थेट वायर द्या. फिरला तर मोटर ठीक, दोष स्विच, रिले किंवा फ्यूजमध्ये. सिग्नलवर ठीक आणि घाटात किंवा हायवेवर गरम, तर रेडिएटर आतून चोंदलाय, बेल्ट घसरतोय किंवा पंपाची पाती झिजली आहेत. गरम रेडिएटरचा काही भाग थंड लागला की चोंदल्याचं समजतं. पण इंजिन बंद करून, फॅनची वायर काढूनच हात लावावा. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून बघावा. ८२ चा असेल तर त्या सुमाराला उघडायला लागून ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. ‘व्हॉल्व्ह (म्हणजे हा थर्मोस्टॅट) काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला ऐकू नका. इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि खरा दोष झाकला जातो.

दहा वर्षांपुढची गाडी स्वतः हाताळणाऱ्याने पंप, कॅपचा जोड आणि आपल्या गाडीची एक-दोन ढाकणं एवढा छोटा संच जरूर घ्यावा. हेडच्या एका कामापुढे तो स्वस्तच पडतो. वापर झाल्यावर दाब पूर्ण सोडून मगच ढाकण काढा, नळीतलं कूलंट झटका आणि साध्या पाण्याने धुऊन सुकवा. नाहीतर गेजच्या बारीक तोंडाशी क्षार बसतो आणि पुढच्या वेळी काटा अर्ध्यावरच अडकतो.