रग्बी प्रेडिक्शनचं पेड सबस्क्रिप्शन: अख्खा सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. कोण जिंकणार हे ही सर्व्हिस बऱ्यापैकी बरोबर सांगते, आणि पैज लावणाऱ्याला त्याचा जवळजवळ काहीही उपयोग नाही. ज्या गोष्टीसाठी मी पैसे भरत राहिले ती वेगळीच निघाली, ती पुढे येतेच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑटमच्या इंटरनॅशनल मॅचेस सुरू झाल्या तेव्हा घेतलं आणि ऑगस्ट २०२५ ला लायन्सचा (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांची एकत्र टीम) ऑस्ट्रेलिया दौरा संपेपर्यंत चालू ठेवलं. सर्व्हिसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एक तर माझ्या तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे या धंद्यातल्या बऱ्याच जणांचा साचा हाच आहे, नाव बदललं तरी अनुभव फारसा बदलणार नाही. मी राहते इंग्लंडमधल्या लेस्टरला, इथे ऑफिसात सोमवारी सकाळी रग्बीवर बोलल्याशिवाय कुणी लॅपटॉप उघडत नाही, त्यामुळे खेळ कळायला लागला आणि मग दोन-पाच पौंडांच्या पैजा. त्याच्या वर मी जात नाही, बुकीच्या ॲपमध्ये आठवड्याची डिपॉझिट लिमिट लावून ठेवलीये आणि ती वाढवायची नाही हे घरात ठरलेलं आहे. भारतात बसून वाचणाऱ्यांनी हे फक्त वाचायचं, तिकडे २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ सरळ बंद केलेत.

तर मिळतं काय. प्रत्येक इंटरनॅशनल मॅचचं एक पान. वर दोन्ही टीमची जिंकायची टक्केवारी, त्याखाली किती पॉइंटने जिंकतील त्याचा अंदाज, मग दोन्ही मिळून एकूण पॉइंट किती होतील ते. सगळ्यात खाली हिरवा चौकोन, त्यात "इथे व्हॅल्यू आहे" असं येतं, म्हणजे आमच्या हिशोबाने बुकीचा भाव चुकलाय, लावा. अंदाज दोनदा येतो, सोमवारी एकदा आणि टीम जाहीर झाल्यावर गुरुवारी संध्याकाळी परत. हा दुसरा अंदाज लक्षात ठेवा.

आता नुसतं विनर सांगून उपयोग का नाही. रग्बीत फुटबॉलसारखं नाही, इथे चांगली टीम बहुतेक वेळा जिंकतेच, कारण ऐंशी मिनिटांत स्कोअर करायच्या संधी भरपूर असतात आणि नशिबाचा भाग धुतला जातो. हे बुकीला आपल्याआधी माहीत असतं. मग भाव येतो १.०५. म्हणजे १०० पौंड लावा, जिंकलात तर ५ सुटतात. असे वीस डाव बरोबर आले आणि एकविसावा उलटला की सगळं पुसून शून्य. जाहिरातीत हे लोक "इतके टक्के अचूक" म्हणून छाती फुगवतात ना, तेवढं तर वर्ल्ड रग्बीचं रँकिंग उघडून, घरच्या टीमला तीन पॉइंट जास्त देऊन कुणीही साधेल. रँकिंगच्या हिशोबात होम टीमला तेवढेच तीन पॉइंट धरतात, माझ्या मनाचं नाही.

म्हणून खरी पैज लागते हँडिकॅपवर. फेव्हरिटच्या स्कोअरमधून अमुक पॉइंट वजा करायचे आणि मग कोण पुढे ते बघायचं. दोन्ही बाजूंना भाव साधारण १.९१. नाणं उडवल्यासारखं असतं तर २ हवा होता, मधला फरक बुकीच्या खिशात. १.९१ ला नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरातले ५२-५३ डाव बरोबर यायला लागतात. हे गणित सर्व्हिसच्या मदत पानावर कुठेतरी तळाशी आहे, ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं, पण मग सबस्क्रिप्शन कोण घेणार.

आता ८ फेब्रुवारी २०२५ ची इंग्लंड-फ्रान्स घ्या, ट्विकनमला. सर्व्हिस म्हणत होती फ्रान्स, आणि खरं सांगायचं तर खेळ बघूनही तसंच वाटत होतं, फ्रान्सने हातातले बॉल सोडले नसते तर हाफटाइमलाच मॅच संपली असती, अगदी त्यांचा कॅप्टन ड्युपाँसारख्या माणसाच्या हातून ट्रायलाइनजवळ बॉल सुटला. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा बिएल-बियारेने ट्राय मारून (बॉल समोरच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, ५ पॉइंट, आणि त्यानंतरची किक म्हणजे कन्व्हर्जन, २ पॉइंट) फ्रान्सचं २५-१९ केलं, आणि मग शेवटच्या क्षणी एलियट डॅली मधून घुसला, फिन स्मिथने कन्व्हर्जन घातलं, २६-२५. सर्व्हिसच्या रेकॉर्ड पानावर या मॅचला लाल फुली आहे.

दोन आठवड्यांनी त्याच मैदानावर स्कॉटलंड. इंग्लंड १६-१५ ने जिंकलं. स्कॉटलंडचे ट्राय तीन, इंग्लंडचा एक, पण फिन रसेलची तिन्ही कन्व्हर्जन बाहेर गेली, शेवटचं तर व्हॅन डर मर्वने अगदी शेवटी कोपऱ्यात ट्राय मारल्यावरचं, ते बरोबर बसलं असतं तर मॅच स्कॉटलंडची होती. (हीच ती कलकत्ता कपची मॅच, कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद झाला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून केलेला कप, दांड्यांना नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंडकडे २०२० नंतर तो पहिल्यांदाच आला, त्यामुळे ऑफिसात आठवडाभर डोकं उठवलं होतं सगळ्यांनी.) या मॅचला सर्व्हिसच्या पानावर हिरवी खूण.

एक फुली, एक खूण, आणि दोन्ही मॅचेसमध्ये फरक फक्त कुणाच्या बुटाला बॉल कसा लागला एवढाच. मला राग येतो तो इथे. सर्व्हिसच्या मॉडेलने, म्हणजे अंदाज काढणाऱ्या प्रोग्रामने, दोन्ही वेळा जवळपास सारखीच गोष्ट सांगितली होती, की मॅच अटीतटीची आहे, आणि ते दोन्ही वेळा बरोबर होतं. पण रेकॉर्ड पानाला ते कळत नाही, ते फक्त हार-जीत मोजतं. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये साउथ आफ्रिका क्वार्टरफायनल २९-२८, सेमी १६-१५ आणि फायनल १२-११ अशी तिन्ही एकेका पॉइंटने जिंकली, त्यावर कुणी साउथ आफ्रिका साउथ आफ्रिका करत बसलं असेल तर त्याला तीन हिरव्या खुणा मिळाल्या असतील, म्हणून काय तो ज्ञानी झाला का. अंदाज तपासायचा तर ज्या ज्या मॅचला ६० टक्के म्हटलं त्यातल्या खरंच साठेक टक्के आल्या का हे बघायला लागतं. हा तक्ता सर्व्हिस देत नाही. मी सपोर्टला मेल करून मागितला, उत्तर आलं की तुमच्या फीडबॅकबद्दल धन्यवाद.

मोठ्या फरकांच्या मॅचेसमध्ये मॉडेल भित्रं आहे. वेल्सचं २०२५ चं वर्ष आठवत असेल तर कळेल मी काय म्हणतेय ते. पॅरिसला फ्रान्सकडून ४३-०, आणि शेवटच्या दिवशी कार्डिफला, स्वतःच्या घरात, इंग्लंडकडून ६८-१४. इंग्लंड जिंकणार हे सगळेच म्हणत होते पण ५४ पॉइंटचा फरक कुणाच्या स्वप्नातही नव्हता, सर्व्हिसच्या तर नव्हताच. कारण सरळ आहे, मॉडेल मागच्या बऱ्याच सीझनचा डेटा धरतं आणि त्यात चांगलं खेळणारं जुनं वेल्स अजून बसलेलं असतं, टीम कोसळते तेव्हा आकडे मागून लंगडत येतात. मग उलटं पण होतं. वेल्सने ऑक्टोबर २०२३ पासून ओळीने १८ टेस्ट (रग्बीत देशादेशांच्या मॅचला टेस्टच म्हणतात) हरल्या, शेवटची जुलै २०२५ मध्ये जपानमध्ये, २४-१९, आणि पुढच्याच आठवड्यात कोबेला ३१-२२ ने जिंकले. तोपर्यंत मॉडेल वेल्सला पुरतं खाली घेऊन आलेलं.

आता चांगलं काय ते. गुरुवारचा दुसरा अंदाज. त्याच्यासोबत एक टीप येते, कुणीतरी खरा माणूस लिहितो हे वाचून कळतं, आणि मी पैसे भरत राहिले ते या चार-पाच परिच्छेदांसाठी. बेंचवर कोण, फॉरवर्ड (पुढचे, ढकलाढकली करणारे) किती बॅक (मागचे, पळणारे) किती, पहिल्या रांगेत बदली दमदार आहेत का, रेफरी स्क्रममध्ये (दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना ढकलतात ते) कुणाकडे झुकतो, वाऱ्याचा जोर, किकर कोण. हे सगळं टक्केवारीत दिसत नाही. ८ मार्चची डब्लिनची आयर्लंड-फ्रान्स मी विसरणार नाही. फ्रान्सने बेंचवर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता, टीपमध्ये स्पष्ट लिहिलेलं की शेवटच्या अर्ध्या तासात ताज्या दमाचा पॅक, म्हणजे फॉरवर्डांची फळी, आणून आयर्लंडला दाबायचा डाव आहे पण दोन बॅक जखमी झाले तर वांधे होतील. आणि झालं तेच, ड्युपाँ पहिल्याच हाफमध्ये गुडघा धरून बाहेर, बारासीपण गेला, ऑस्कर जेगू नावाचा फ्लँकर, म्हणजे फॉरवर्ड, सेंटर या बॅकच्या जागी खेळायला लागला. लाइव्ह टक्केवारी ड्युपाँ बाहेर गेल्या गेल्या फ्रान्सची धाडकन खाली. आणि फ्रान्स जिंकलं किती, ४२-२७. सात फॉरवर्डवाला भाग बरोबर आला आणि बॅकवाली भीती खरी होऊनही काही बिघडलं नाही. मॉडेलच्या मते ड्युपाँ म्हणजे अर्धी टीम, टीप लिहिणाऱ्याच्या मते पॅक म्हणजे अर्धी टीम, त्या दिवशी माणूस जिंकला. लगेच प्रत्येक वेळी माणूसच जिंकेल असं नाही हां.

लायन्सच्या दौऱ्यात मात्र सर्व्हिसचा पाय खोलात गेला, आणि तो जायलाच हवा होता. लायन्स ही चार देशांची मिळून चार वर्षांनी एकदा बनणारी टीम, तिला ना रँकिंग ना ताजा रेकॉर्ड, मागचा दौरा २०२१ चा साउथ आफ्रिकेतला. मॉडेलने काय केलं, खेळाडूंच्या देशांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली. पण मिसळ चांगली व्हायला फरसाण, रस्सा, पाव तिन्ही चांगले असून भागत नाही, ते एकत्र कुणी आणि कधी केलं ते महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियाला निघायच्या आधीच डब्लिनला अर्जेंटिनाकडून २८-२४ ने हरले. मग टेस्ट सुरू झाल्यावर ब्रिस्बेन २७-१९, मेलबर्नला नव्वद हजारांवर लोकांसमोर ह्यूगो कीननच्या शेवटच्या ट्रायवर २९-२६, मालिका खिशात. तिसऱ्या टेस्टला सर्व्हिस परत लायन्स, आणि हिरवा चौकोन पण लायन्सवरच. सिडनीला पाऊस, मध्येच विजा चमकायला लागल्या म्हणून खेळाडू आत, अर्ध्या तासाहून जास्त वेळ खेळ बंद, ऑस्ट्रेलिया २२-१२. मालिका जिंकलेल्या टीमला तिसऱ्या मॅचची भूक किती आणि घरच्या मैदानावर तीन शून्य टाळायची भूक किती हे कुठल्या कॉलममध्ये भरणार. टीप लिहिणाऱ्याने तिथे सावध राहा म्हटलं होतं, त्याच पानावर खाली चौकोन लावा म्हणत होता. एकाच दुकानात दोन मालक.

त्या हिरव्या चौकोनाबद्दल अजून एक. त्यात जो भाव दाखवतात तो आपल्याला मिळत नाही. नोटिफिकेशन येतं, आपण ॲप उघडतो, बुकीकडे जातो, तोवर भाव पडलेला असतो, कारण तेच नोटिफिकेशन बाकीच्या सबस्क्राइबर लोकांनाही गेलेलं असतं आणि बुकी काही झोपलेले नसतात. पण सर्व्हिस स्वतःचा नफा मोजते तो चौकोनातल्या भावाने. मी माझ्या एक्सेलमध्ये मला खरंच मिळालेला भाव लिहीत गेले तर त्यांचा नफा माझ्याकडे थोडा तोटा होऊन बसला. थोडा म्हणजे फार नाही, पिझ्झे गेले म्हणा. आणि समजा एखाद्याला सतत चांगला भाव मिळाला तरी इथले बुकी जिंकणाऱ्या खात्यावर मर्यादा घालतात, मग पाच पौंड लावायचे म्हटलं तरी स्क्रीन म्हणते कमाल पन्नास पेन्स. हे कुठल्याच प्रेडिक्शन सर्व्हिसच्या जाहिरातीत मी वाचलेलं नाही.

एकूण पॉइंटचा अंदाज मी पहिल्या महिन्यानंतर बघणंच सोडलं. वारा आणि रेफरीची शिट्टी याच्यावर ते सगळं ठरतं. बाकी ॲप छान चालतं, रंग डोळ्याला त्रास देत नाहीत, कॅन्सल करायचं बटण मात्र शोधून शोधून दमायला होतं, सेटिंग्जमध्ये तीन पानं आत.

घ्यावं का? मॅच बघायला मजा यावी, बेंच का तसा निवडला ते कळावं म्हणून घ्यायचं तर घ्या, आणि फक्त फेब्रुवारी-मार्चचे, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचे, दोन महिने घ्या, वर्षाचं नको, मधल्या महिन्यांत पानं ओस पडलेली असतात. पैसे सुटतील म्हणून घेणार असाल तर तेवढ्याच पैशात महिन्याला एक मॅच पबमध्ये बसून बघा, लेस्टरला तर जागा पण मिळते.

मी सध्या फुकटच्या प्लॅनवर आहे, सोमवारचा अंदाज तेवढा दिसतो. पुढचं ठरणार ५ फेब्रुवारी २०२६ वर. सिक्स नेशन्सची पहिली मॅच, पॅरिसला फ्रान्स-आयर्लंड, यंदा गुरुवारी रात्री आहे. आणि यांची टीप येते गुरुवारी संध्याकाळी. टीम तर आधीच जाहीर झालेली असेल, मग टीप लवकर टाकणार का असं सपोर्टला विचारलंय. अजून तरी फीडबॅकबद्दल धन्यवाद एवढंच आलंय.