1/48 मिग-21 बिसचं किट: सात महिन्यांचा अनुभव

मिग-21 या लढाऊ विमानाच्या बिस प्रकाराचं, खऱ्याच्या 1/48 मापाचं, सुटे भाग जोडायचं हे प्लास्टिक मॉडेल. किट घेतलं फेब्रुवारीत आणि रंगाचा पहिला हात लागला सप्टेंबरमध्ये. मधले सगळे महिने विमानाची पाठ नीट करण्यात गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हीच खोड इतरांच्या साच्यांतही पाहिलीय.

खोका उघडला तेव्हा मी जाम खूश होतो. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघा, केसासारख्या बारीक, चाकांच्या खाचेत पाइपसुद्धा. लगेच व्हर्निअर काढला. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 7.154 मीटर, 48ने भागलं की 149 मिलिमीटर. किटचे भरले 149.2. पंखाची पुढची कड 57 अंशांनी मागे झुकते. व्हिजिटिंग कार्डाचा तसा त्रिकोण कापून लावला, फट दिसली नाही. नाकावरची पिटॉटची काठी, म्हणजे वेग मोजायची नळी, बिसवर मधोमध नसते, जरा उजवीकडे असते. तीही बरोबर. मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते.

धड चिकटवून, जोड घासून झाल्यावर ते बाबांच्या हातात दिलं. बाबा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. ऐंशीच्या दशकात तिथे बिसचं काम चालू होतं तेव्हा ते पत्र्याच्या शॉपमध्ये. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कॉकपिटच्या मागे अंगठा फिरवला. "अरे, याची पाठ बसलीय. हे बिस वाटत नाही." मी मापं दाखवायला लागलो. "असू देत मापं," म्हणाले आणि पेपर उचलला.

त्यांचं म्हणणं डोक्यात शिरायला दोन रविवार गेले. मिग-21चे प्रकार निम्मे पाठीवरूनच ओळखतात. आपल्याकडचं जुनं एफएल, म्हणजे टाइप 77, तिथे सडपातळ. एसएमटी या प्रकाराला तर इंधनाच्या टाकीपायी चांगली कुबडच आली होती. बिसची पाठ या दोघांच्या मधली, भरलेली, शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत सलग गेलेली. किट बाजूने धरलं तर ही रेषा चोख. वरून पाहिलं की पाठ अरुंद, आणि धडाला मिळते तिथे एक पायरी. बाजूचं चित्र कुणीतरी इमानदारीत उतरवलं होतं, आडवा छेद अंदाजाने घातला होता. आणि माझा व्हर्निअर तिथे पोचलाच नव्हता. मी टोकं मोजत बसलो होतो.

मग सोल्डरिंगची मऊ तार घेतली, पाठीवर आडवी दाबून तिचा बाक कागदावर उतरवला आणि खऱ्या विमानाच्या रेखाचित्रातल्या छेदाशेजारी ठेवला. सगळ्यात वाईट जागी एका बाजूला पाऊण मिलिमीटर कमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खऱ्या विमानावर ते 36 मिलिमीटर होतात, आणि तेवढेच दुसऱ्या बाजूला. फोटोंवर मात्र विसंबू नका. विमानाच्या जवळ उभं राहून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक फुगतं, शेपूट आक्रसते. लांबून, मोठ्या लेन्सने घेतलेले तेवढेच बाजूला काढले. चाळीसातले सहा उरले.

दुरुस्ती अशी: दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या पट्ट्या, वर एपॉक्सी पुट्टी, मग 400चा पॉलिश पेपर, नंतर 800चा. पुट्टी प्लास्टिकपेक्षा कडक, त्यामुळे हात जरा जोरात पडला की शेजारचं प्लास्टिक आधी झिजतं. दोनदा खड्डा पडला, दोनदा भरला. कौतुक केलेल्या त्या पॅनेल लाइन पाठीवर सगळ्या पुसल्या गेल्या, सुईने पुन्हा कोरल्या. एक वाकडी गेलीय. दिसते. तशीच ठेवली.

बाकीचं थोडक्यात: काच स्वच्छ, बसतेही नीट. डिकॅल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं, जाडसर; हवाई दलाच्या गोलातला केशरी लालसर छापलाय. शेपटीकडचा नॉझल पातळ कडेचा, छान.

26 सप्टेंबर 2025ला चंडीगडमध्ये मिग-21ला निरोप दिला तो कार्यक्रम आम्ही टीव्हीवर पाहिला. मॉडेल तेव्हा करड्या प्रायमरमध्ये टेबलावर होतं. बाबांनी ते उचलून पुन्हा अंगठा फिरवला, यावेळी शेपटीपर्यंत. मग टीव्हीकडे पाहत म्हणाले, "पण पुढची काच? तिथे तर मधे दांडी दिसत नाही."

"बाबा, ते बायसन. सुधारलेलं. आपलं साधं बिस आहे."

"मग दांडी ठेव," म्हणाले.

लांबून शोकेसमध्ये दिसेल तेवढंच हवं असेल, तर किट डोळे मिटून घ्या. पाठ खटकणारी माणसं घरटी नसतात. पाठ सुधारायचीच असेल तर धड चिकटवण्याआधी, दोन्ही अर्धी नुसती टेपने जोडून, तार लावून पाहा. माझे तीन महिने तरी वाचले असते.